जुन्या गाडीतला हटवादी पी०४२०: स्कॅनर, क्लीनर, स्पेसर की नवा कॅट?

जुन्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड निघतो पी०४२०. कोड पुसला की दिवा जातो आणि काही दिवसांनी पुन्हा लागतो. पिकअप ठीक असतो, ॲव्हरेजही फारसं पडलेलं नसतं, त्यामुळे मालक दिवा घालवणाऱ्या वस्तूंच्या मागे लागतो. बाजारात अशा वस्तू पुष्कळ आहेत. त्यातली सगळ्यात कामाची वस्तू दिवा घालवतच नाही. ती म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर. खरेदी करायचीच तर सुरुवात त्याच्यापासून करा, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, सगळ्यात शेवटी घ्या.

कोड नेमकं काय सांगतो ते आधी पाहू. कॅटच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो आणि सोबत सेरियम ऑक्साइड असतं. हे सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. पुढच्या सेन्सरला धुरातला ऑक्सिजन सतत कमीजास्त होताना दिसतो. जाळीने हा चढउतार गिळला, तर मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो. साठवणक्षमता संपली की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा नाचू लागतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पी०४२० नोंदवतो. व्ही इंजिनात दुसऱ्या बाजूच्या कॅटसाठी पी०४३० येतो. बहुतेक गाड्यांत दिवा लागायला ही चाचणी लागोपाठ दोन फेऱ्यांत नापास व्हावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, क्लीनरच्या बाटलीचा निकाल याच्यावर ठरतो.

स्कॅनर घेताना ईएलएम३२७ चिपवरचे स्वस्त अडॅप्टर समोर येतील. खोक्यावर १.५ आवृत्ती लिहिलेली असेल तर तो नक्कल माल आहे, कारण मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. नक्कल असूनही काही अडॅप्टर चालतात, पण जुन्या गाडीला तो जोडता येतो का हे आधी तपासा. आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी २००० या जुन्या संवाद-पद्धतींवर बोलणाऱ्या गाड्यांशी सगळे स्वस्त अडॅप्टर नीट बोलत नाहीत, आणि त्या गाड्यांकडून माहितीही सावकाश येते. ॲप निवडताना त्यात लाइव्ह आलेख, फ्यूल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा) आणि मोड ०६ (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे आकडे) हे तिन्ही आहेत ना ते पाहा. नुसता कोड वाचून पुसणारं ॲप इथे कामाचं नाही.

चाचणी अशी करा. इंजिन पूर्ण तापू द्या आणि २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरून ठेवा. थंड कॅट काम करत नाही, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो जागा होतो. मग आलेखावर फक्त दोनच गोष्टी लावा, पुढचा सेन्सर आणि मागचा सेन्सर. दहा गोष्टी एकदम लावल्या तर स्वस्त अडॅप्टर प्रत्येकीची नोंद फार विरळ घेतो, मधले चढउतार गळतात आणि नाचणारा मागचा सेन्सरही सरळ रेषेत दिसतो. कॅट निरोगी असेल तर मागचा सेन्सर ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान पुढच्याच तालावर वरखाली होत असेल, तर कॅटची साठवण गेली आहे. काही गाड्यांत पुढे वाइडबँड (मिश्रणाचं प्रमाण सलग मोजणारा) सेन्सर असतो. त्याचा आकडा असा नाचत नाही, म्हणून तिथे फक्त मागच्याकडे बघा. चालू गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा सेन्सर शून्याकडे जातो, कारण त्या वेळी इंधन बंद होतं. तो दोष नव्हे.

याच बैठकीत फ्यूल ट्रिम बघा. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत हवी. त्याबाहेर असेल तर आधी ते दुरुस्त करा, कॅटचा विचार नंतर. सोबत पी०३०० ते पी०३०४ (इंजिन मिसिंग) किंवा पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) असे कोड असतील तर पी०४२० हा त्यांचा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे. आणि काहीही पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदी) व मोड ०६ चे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, आणि बऱ्याच गाड्यांत मोड ०६ चे आकडेही कोरे होतात.

आता क्लीनरच्या बाटलीबद्दल. टाकीत पेट्रोल पाव असताना बाटली ओतायची, मग लांब अंतर जरा चढ्या आरपीएमवर गाडी चालवायची, ही सूचना बहुतेक बाटल्यांवर असते. आत डिटर्जंट आणि सॉल्व्हंट असतात. इंजेक्टर आणि ज्वलनकक्षातला मळ त्यांनी कमी होऊ शकतो. कॅटवर नुसती काजळी बसली असेल तर तिलाही थोडी मदत होते, पण गरम कॅटवर ती काजळी लांबच्या फेरीत एरवीही जळून जाते. कॅट खरोखर मरतो तो वेगळ्याच कारणांनी: इंजिन ऑइलमधल्या फॉस्फरस आणि जस्ताचा थर, गळणाऱ्या कूलंटमधले सिलिकेट, चुकीच्या सिलिकॉन सीलंटची वाफ, किंवा अति उष्णतेने धातूचे कण एकत्र येऊन पृष्ठभाग घटणं. यातलं काहीही पेट्रोलमधून गेलेल्या सॉल्व्हंटने निघत नाही.

मग इतक्या लोकांना गुण कसा येतो? बाटली ओततानाच कोडही पुसलेला असतो. त्यानंतर कॅटचा मॉनिटर, म्हणजे ईसीयूची कॅट तपासणारी चाचणी, पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, पूर्ण तापलेलं इंजिन, १०-१५ मिनिटं स्थिर वेग असं सगळं जुळून यावं लागतं, आणि तेही दोन फेऱ्यांत. फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे जुळायला कितीतरी दिवस जातात. तेवढे दिवस दिवा बंद राहतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. खरा निकाल हवा असेल तर मॉनिटर ‘पूर्ण’ झाल्यावर मोड ०६ मधला कॅटचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघा. आकड्याशेजारी मर्यादा दिलेली असते. काही गाड्यांत आकडा तिच्याखाली हवा, काहींत वर, म्हणून मर्यादेचा रकाना वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आकडा मर्यादेला टेकून असेल, म्हणजे कधी पास कधी नापास, अशाच गाडीत बाटली एकदा वापरून बघण्यात थोडा अर्थ आहे. लॅकर थिनर टाकीत ओतण्याचा सल्लाही फिरत असतो. तो ऐकू नका, रबरी सील आणि पाइप त्याने खराब होऊ शकतात.

मागच्या सेन्सरखाली लावायचा स्पेसर ही दिव्याची फसवणूक आहे. १८ मिमी व्यासाचे, १.५ पिचचे आटे असलेला तो तुकडा सेन्सरला धुराच्या प्रवाहाबाहेर ओढतो, म्हणून रेषा शांत दिसते. धूर होता तसाच विषारी राहतो. पुढे कधी इंजिन मिसिंग मारू लागलं आणि कॅट वितळायला लागला, तर तो इशाराही मिळणार नाही. बऱ्याच देशांत असा बदल बेकायदा आहे. ही वस्तू घेऊ नका.

मागचा सेन्सर बदलून पी०४२० जाईल ही अपेक्षाही बहुधा फोल ठरते. सेन्सर म्हातारा होतो तसा सावकाश होतो. सावकाश सेन्सर कमी नाचतो, म्हणजे तो खराब कॅटला उलट झाकूनच ठेवतो. सेन्सर तपासायचा तर न्यूट्रलमध्ये झटकन रेस द्या. व्होल्टेज ०.८ च्या वर चटकन गेलं आणि रेस सोडल्यावर चटकन खाली आलं, तर सेन्सर ठीक आहे. त्याच्या हीटरचा किंवा वायरिंगचा वेगळा कोड असेल, उदाहरणार्थ पी०१४१, तेव्हा मात्र बदला. बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा खाच असलेला सॉकेट लागतो. इंजिन किंचित कोमट असताना सेन्सर सुटायला सोपा जातो. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटी-सीझ लावलेलंच येतं, टोकाला ते लागू देऊ नका.

सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्ड गॅस्केट, फ्लेक्स पाइप किंवा फ्लँजला बारीक फट असली तर धुराच्या ठोक्यांमधल्या कमी दाबात बाहेरची हवा आत ओढली जाते. फट पुढच्या सेन्सरआधी असेल तर ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. दोन सेन्सरांच्या मध्ये असेल तर मागचा सेन्सर विनाकारण नाचतो. तपासणी सोपी आहे: इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हलका दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे दिसतील तिथे फट. जोडाजवळचे काळे डागही तेच सांगतात. एवढं गॅस्केट बदलून कोड कायमचा गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. गाडीच्या मॉडेलसाठी कंपनीने ईसीयूचा सॉफ्टवेअर अपडेट काढलाय का, हेही विचारून घ्या. काही कंपन्यांनी नेमका याच कोडसाठी तो काढलेला आहे.

पिकअप पडला असेल किंवा कॅटवर हलकं ठोकल्यावर आत खडखडत असेल तर जाळी तुटलेली किंवा तुंबलेली आहे. पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा: आयडलला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमवर तीनच्या आत दाब हवा. जास्त असेल तर गाडी अशी चालवत राहू नका.

नवा कॅट घ्यायची वेळ आलीच, तर स्वस्त युनिव्हर्सल कॅटबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात मौल्यवान धातू आणि सेरियम कमी असतं, पण ईसीयूची मर्यादा मूळ कॅटसाठी ठरवलेली आहे. धूर चाचणीत पास होतो आणि काही महिन्यांत पी०४२० परत येतो. गाडीच्या मॉडेलसाठी आणि तिच्याच उत्सर्जन मानकासाठी बनवलेला डायरेक्ट फिट कॅट घ्या. मानक पार्ट नंबरसह बिलावर लिहून घ्या.

बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. मिसिंग असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल त्या क्षणी कॅट जाळत आहे, वेग कमी करून गाडी थांबवा. ऑइलची घट मोजा. १००० किमीला एक लिटरपर्यंतची घट अनेक कंपन्या चालण्यासारखी मानतात, पण तेवढ्या ऑइलवर कॅट टिकत नाही, पिस्टन रिंग किंवा वाल्व्ह सीलचं काम आधी करा. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा.

बसवताना बाणाची दिशा धुराच्या प्रवाहाप्रमाणे ठेवा, गॅस्केट आणि नटबोल्ट नवे वापरा, फ्लँजला साधं सिलिकॉन लावू नका, आणि उष्णतेची पत्रा-ढाल परत जागेवर लावा. मग कोड पुसा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या आणि मोड ०६ चा नवा आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला तोच आकडा पुन्हा बघा. मर्यादेकडे सरकत असेल तर इंजिनात अजून काहीतरी शिल्लक आहे.