मरीन प्लायची दहा फुटी होडी : चार वर्षांनंतरचा अभिप्राय

आयएस ७१० या भारतीय मानकाच्या ६ मिलिमीटर मरीन प्लायबद्दल, म्हणजे पाण्यात टिकण्यासाठी बनवलेल्या प्लायवुडबद्दल, लिहायला मी मुद्दाम चार वर्षे थांबलो, कारण त्याची खरी परीक्षा खाडीच्या खाऱ्या पाण्यातच होते.

१९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ या छोट्या होडीने लोकप्रिय केलेली पद्धत मी वापरली : तक्त्यांच्या कडा तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधे फायबरग्लासच्या पट्टीने व रेझिनने (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) पक्के करायचे. तक्ता आठ फुटी आणि होडी दहा फुटी असल्याने एकास आठ उताराचा, म्हणजे ४८ मिलिमीटरचा, तिरका छेद रंध्याने काढून तुकडे जोडावे लागले. रंधा फिरताना गडद-फिक्या थरांचे पट्टे सरळ, समांतर उमटले, तेव्हा मालाची खात्री पटली. एका तक्त्यात मात्र पोकळी निघाली आणि दुकानदाराने तो बदलून दिला नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

या प्लायची ७२ तास उकळत्या पाण्यातली चाचणी थर चिकटवणाऱ्या रेझिनचा कस पाहते, लाकडाचा नाही. कापलेली कड पाणी पितेच, म्हणून प्रत्येक कडेला इपॉक्सी रेझिनचे तीन हात द्यावेत, आणि तेही पावसाळा टाळून, कारण दमट हवेत त्यावर तेलकट साय धरते. मी तळातले पाणी काढायच्या बुचाच्या भोकाची कड विसरलो. ती काळी पडली.

बदली झाल्यामुळे गेल्या महिन्यात होडी पलीकडच्या वाडीतल्या काकांना दिली. त्यांनी बोटांच्या पेरांनी अख्खा तळ ठोकून ऐकला आणि नेमके त्या भोकापाशी थांबले. वल्ह्यांना मी आदल्या दिवशीच तेल लावून ठेवले होते.