२५ मिलीमीटरचा शाफ्ट: ६००५, ६२०५ की ६३०५?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात नुसतं "पंचवीसचं बेअरिंग द्या" म्हणून भागत नाही. (बेअरिंग म्हणजे शाफ्टला, यंत्राच्या फिरत्या दांड्याला, आधार देणारी गोळ्यांची रिंग.) समोरून लगेच प्रश्न येतो: ६००५, ६२०५ की ६३०५? तिन्हींचं भोक २५ मिलीमीटरचंच, कारण शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की शाफ्टचं माप मिळतं. फरक बाहेरच्या व्यासात, रुंदीत, आतल्या गोळ्यांच्या आकारात, आणि म्हणून आयुष्यात. बहुतेक जण जुनं बेअरिंग खिशातून काढून "असंच द्या" म्हणतात. ते पाच-सात वर्षं चाललं असेल तर तसं करणं अगदी बरोबर. पण दरवर्षी तेच बदलावं लागत असेल, तर एकदा बसून हिशेब करायलाच हवा.

भांडुपच्या एखाद्या गाळ्यातला बेल्टवर चालणारा ब्लोअर समजा. शाफ्टचे १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), आणि पुलीकडच्या बेअरिंगवर बेल्टची ओढ धरून २ किलोन्यूटन भार, म्हणजे साधारण २०० किलो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक बेअरिंगपुढे 'सी' हा आकडा असतो, त्याची डायनॅमिक, म्हणजे फिरताना भार पेलण्याची, क्षमता. तिला आपल्या भाराने भागायचं, आलेल्या आकड्याचा घन करायचा. उत्तर दशलक्ष फेऱ्यांत येतं, त्यावरून तास निघतात.

| | ६००५ | ६२०५ | ६३०५ |
|---|---|---|---|
| बाहेरचा व्यास × रुंदी (मिमी) | ४७ × १२ | ५२ × १५ | ६२ × १७ |
| सी, सुमारे (किलोन्यूटन) | १० | १४ | २२ |
| दशलक्ष फेऱ्या | १२५ | ३४३ | १,३३१ |
| तास, सुमारे | १,४५० | ३,९७० | १५,४०० |

कंपनीगणिक 'सी' थोडा बदलतो, त्यामुळे खरेदी करताना त्या-त्या कॅटलॉगचाच आकडा घ्या. पण घनाचा परिणाम बघा: ६२०५ वरून ६३०५ वर गेलं की क्षमता दीडपटीच्या किंचित वर जाते, आयुष्य मात्र जवळजवळ चौपट होतं.

आता हे तास तुमच्या कामाच्या वेळेशी लावून बघा. एक पाळी, वर्षाला २,४०० तास धरले तर ६००५ सात महिने, ६२०५ वर्ष आणि आठ महिने, ६३०५ जवळपास साडेसहा वर्षं. तोच ब्लोअर रात्रंदिवस चालला तर हेच आकडे दोन महिने, साडेपाच महिने आणि पावणेदोन वर्षांवर येतात. याउलट सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप दिवसाला तीन-चार तास चालतो आणि त्याला बेल्टची ओढही नसते. तिथे ६२०५ असेल तर मोठ्याच्या मागे लागू नका.

६००५ या स्पर्धेतून मी लगेच बाहेर काढतो. जागा कमी आणि भार हलका असेल तिथे ते उत्तम, बेल्टच्या बाजूला नाही.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. हे आयुष्य म्हणजे हमी नव्हे. तशाच शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तेवढे तास पार करतील, दहा त्याआधी जातील, असा त्याचा अर्थ. शाफ्टला बेअरिंगं दोन असतात. दोन्हींवर सारखाच भार असेल तर जोडीचं आयुष्य एकट्याच्या साधारण ५४ टक्केच धरावं लागतं. ६२०५ चे ३,९७० तास मग २,१०० च्या आसपास येतात. एका पाळीतही वर्षभराच्या आतच.

म्हणून मी उलटा हिशेब पसंत करतो. आधी ठरवायचं की किती तास हवेत. रोज पूर्ण आठ तास चालणाऱ्या यंत्राला २० हजार तास हे रास्त लक्ष्य. १४४० आरपीएमला ते १,७२८ दशलक्ष फेऱ्या होतात, ज्याचं घनमूळ बरोबर १२. म्हणजे 'सी' भाराच्या १२ पट हवा: २४ किलोन्यूटन. ६३०५ थोडक्यात कमी पडतं. आता ३० चा शाफ्ट करायचा का? त्याआधी बेल्ट बघा. भार १० टक्क्यांनी उतरून १.८ किलोन्यूटनवर आला की तेच ६३०५ २१ हजार तासांवर जातं, एक पैसाही खर्च न करता. बेल्ट सटकतो म्हणून फिटर तो ताणत जातो, आणि भार २५ टक्के वाढला की आयुष्य निम्मं होतं. झिजलेली पुली बदलून बेल्टचा ताण योग्य ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त "मोठा बेअरिंग" आहे.

दुसरी वाट रोलर बेअरिंगची, ज्यात गोळ्यांऐवजी दंडगोल रोलर असतात. एनयू २०५ चं माप ६२०५ एवढंच, ५२ × १५, त्यामुळे हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) कापावं लागत नाही, आणि 'सी' २९ च्या पुढेच. रोलरसाठी घाताचा आकडा ३ ऐवजी १०/३, म्हणून कागदावर ८६ हजार तास निघतात. त्या आकड्यावर विसंबू नका, ग्रीस आणि सील त्याच्या कितीतरी आधी दगा देतील. शिवाय एनयू शाफ्टचा अक्षीय (लांबीच्या दिशेचा) रेटा अजिबात घेत नाही, तो दुसऱ्या टोकाच्या बॉल बेअरिंगला घ्यावा लागतो, आणि शाफ्ट वाकडा असेल तर रोलर लवकर खराब होतात.

६३०५ घालायचं तर हाउसिंगचं भोक ५२ वरून ६२ मिलीमीटरला बोअर करून मोठं करावं लागेल. कास्टिंगची भिंत त्यानंतर किती उरते ते आधी मोजा, टर्नरकडे पोचल्यावर नको. यूसीपी २०५ चा प्लमर ब्लॉक (बोल्टने बसवायचं तयार हाउसिंग, आत बेअरिंगसकट) असेल तर आतलं बेअरिंग ६२०५ च्याच कुळातलं, क्षमताही तीच. यूसीपी ३०५ आणलं तर शाफ्टची उंची ३६.५ वरून ४५ मिलीमीटर होते, म्हणजे मोटरही उचलावी लागेल.

आणि हा सगळा हिशेब फक्त धातूच्या थकव्याचा आहे. जुलैची ओल, समुद्राची खारी हवा, गाळ्यातली धूळ, यांतलं काहीच त्यात नाही. त्यामुळे उघड्या ६३०५ पेक्षा दोन्हीकडे रबर सील असलेलं ६२०५ टू आरएस मुंबईत जास्त टिकलं, तर त्यात नवल नाही.

म्हणून जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघा. भाराच्या बाजूला धावपट्टीचे (गोळ्या जिच्यावर फिरतात तिचे) पापुद्रे निघालेले असतील तर ते थकलंय, आकार वाढवा. ग्रीस तपकिरी आणि गोळ्यांवर गंज असेल तर आकार तोच ठेवून सील बदला. आतली रिंग शाफ्टवर फिरून शाफ्ट चकाकला असेल, तर शाफ्टचं माप गेलंय. ते भरून, टर्न करून घेईपर्यंत ६३०५ सुद्धा तिथे टिकणार नाही.