रिव्हॉल्व्हरच्या ‘फॉरेन’ राऊंडपायी ७२,४९९ रुपये घालवले

बहात्तर हजार चारशे नव्व्याण्णव. आकडा पूर्ण लिहितोय, कारण गेले दोन महिने मी तो लोकांना कमी करून सांगत होतो. तालमीतल्या दोस्तांना दहा-बारा हजार, बायकोला चोवीस हजार. आता घरात सगळं कळलंय (कसं, ते शेवटी येईल), त्यामुळं लपवण्यात अर्थ उरला नाही. ज्यांच्याकडं लायसन्सचं हत्यार आहे त्यांनी तरी हे वाचा. बाकीच्यांना हसायचं तर हसू देत.

माझी कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत. हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री गाडी चालवावी लागते, म्हणून २००९ साली लायसन्स काढलं. हत्यार कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, .३२ बोअर (नळीच्या भोकाचं माप), सहा राऊंडचं म्हणजे काडतुसांचं, मधोमध मोडून उघडणारं, आखूड नळीचं. इतक्या वर्षांत ते कुणावर रोखायची वेळ आली नाही, अंबाबाईची कृपा. ते तिजोरीतून निघतं दोनच कारणांनी. दसऱ्याला पूजेसाठी, नाहीतर निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोनदा जमा केलं.

गेल्या दसऱ्याला पाटावर मांडलं तेव्हा राऊंडांवर नजर गेली. पितळेला हिरवट चढ आला होता. चामड्याच्या पट्ट्यात ठेवले होते, ती माझीच चूक. कापडानं पुसलं तर हिरवं बोटाला लागलं. मनात आलं, उद्या खरंच वेळ आली आणि घोडा नुसताच टक्‌ वाजला तर?

तिथून रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. अमेरिकेतले म्हातारे जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या मारतात, वर जीन्सच्या कापडाचे थर लावतात, मग पट्टी धरून किती इंच आत गेली ते मोजतात. मायामीत १९८६ साली एफबीआयची गुन्हेगारांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, त्यानंतर त्यांनी गोळ्या पारखायची पद्धतच बसवली: बारा ते अठरा इंच आत गेली तर चांगली. आखूड नळीसाठी कुठला राऊंड, यावर ती माणसं तास-तास बोलतात. आपल्याकडं दुकानात गेलं की खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ शिक्क्याचा राऊंड, विषय संपला. मला वाटलं, आपण मागासलेले. झाली ना सुरुवात.

लायसन्सधारकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, ‘.३२ साठी आखूड नळीला चांगला राऊंड कुठला?’ अर्ध्या तासात खासगी मेसेज आला. ‘दादा, शॉर्ट बॅरल स्पेशल आहे. अमेरिकन होलो पॉइंट. आत गेल्यावर फुलतो.’ होलो पॉइंट म्हणजे टोकाला भोक असलेली गोळी. एक राऊंड ४८० रुपये, पन्नासाचा बॉक्स, २४,०००. फोनवर माणूस मराठी बोलला, सातारकडचा हेल, वडील फौजेत होते म्हणाला. आपल्याकडच्या माणसाला एवढं पुरतं.

आता तो क्षण. यावर मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालतो.

त्यानं व्हिडिओ पाठवला. लाल मखमलीवर राऊंड उभे केलेले, एक बोटात धरून फिरवून दाखवलेला. मी तो व्हिडिओ दहा-अकरा वेळा बघितला. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी पुंगळीपेक्षा रुंद कड असते, खिळ्याच्या डोक्यासारखी. त्या कडेवरच ते चक्रीच्या तोंडाशी अडकून राहतं. पंधरा वर्षं ती कड मी बोटानं चाचपलीय. व्हिडिओतल्या काडतुसाला कड जवळजवळ नव्हतीच. बूड पुंगळीच्या अंगाबरोबर आणि त्याच्या वर गोल खाच. खाच असते ती पिस्तुलाच्या काडतुसाला. एका जागी व्हिडिओ थांबवला तर बुडावर ‘३२ ऑटो’ असं इंग्रजीत कोरलेलंही वाचता येत होतं. .३२ म्हणजे सगळं एकच नव्हे. पिस्तुलाचा .३२ वेगळा, रिव्हॉल्व्हरचा .३२ लाँग वेगळा, आणि पिस्तुलाच्या राऊंडचा दाबही जास्त. हे मला माहीत होतं! दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी विचारलं त्याला. नाही असं नाही. ‘याला कड का नाही?’ तो म्हणाला, ‘फॉरेनचं डिझाइन तसंच असतं दादा.’ आणि मी गप्प बसलो. रवा (गुळाची ढेप) फोडून जिभेवर ठेवल्याशिवाय मी गुळाचा भाव बोलत नाही. सौद्याला उभा राहिलो की रंगावरून चुना किती घातलाय ते सांगतो. तो मी, एका मखमलीच्या तुकड्यापुढं गप्प.

दुसरी खूण त्याहून ढळढळीत. दुकानात राऊंड घेताना लायसन्सच्या पुस्तकावर दुकानदार हातानं नोंद करतो, किती दिले, कधी दिले, शिक्का, सही. माझ्या लायसन्सवर वर्षाला पन्नास लिहिलेत, त्याचा हिशेब तिथंच राहतो. हा म्हणाला, लायसन्सचा फोटो पाठवा, एंट्री आम्ही ऑनलाइन मारतो, माल कुरिअरनं घरपोच. काडतूस कुरिअरनं! आज लिहितानाच हात थरथरतो. विकणाऱ्याकडं विक्रीचं लायसन्स लागतं, बाहेरून माल आणायला आयातीचं वेगळं लागतं. कुरिअरनं काडतूस म्हणजे पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडूनही गुन्हाच.

मी एवढा खुळा नाही, हेही सांगतो. ग्रुपवर त्याच्या नावानं ‘माल मिळाला, जबरदस्त’ असे चार मेसेज होते. त्यातल्या एकाचं आडनाव आमच्या पेठेतलं. ते चारही नंबर त्याचेच असणार, हे मला आता कळतंय.

पैसे असे गेले. आगाऊ १२,०००. ‘पॅक झाला’ म्हणून उरलेले १२,०००. मग ‘परमिट क्लिअरन्स’ ८,५००. मग परत मिळणारा म्हणून ‘विमा’ ४,९९९. चार वेळा पैसे, तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर, त्यातली दोन बायकांची. खात्यावरचं नाव आणि बोलणारा माणूस वेगळा असला की तिथंच थांबायचं, एवढं तर भाजीवाल्यालाही कळतं.

पाचवा हप्ता खरा. गोडाऊनमध्ये वजनं चालली होती, माझे दोन्ही हात चिकट. व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेश, मागं तिरंगा, हिंदीत दरडावणं. ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. आर्म्स ॲक्ट, कलम २५.’ आणि माझ्यासमोर माझ्याच लायसन्सचा फोटो धरला, युआयएन (लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक) सकट. मीच पाठवलेला. पायाखालची जमीन सरकली. लायसन्स जाईल, हत्यार जाईल, पेपरात नाव येईल, मुलीची सोयरीक चाललीय. ३५,००० मागितले, ‘सेटलमेंट’. हमालांना दिसू नये म्हणून रव्यांच्या थप्पीमागं उभा राहून पाठवले. नंतर मोबाइलच्या काचेवर गुळाचे ठसे राहिले होते, ते मी पुसलेही नाहीत तीन दिवस.

व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. असली भानगडच कायद्यात नाही. कुठलाही खरा अधिकारी यूपीआयवर तडजोड मागत नाही. आणि लायसन्सचा फोटो कुणालाही, कुणालाही, पाठवायचा नाही.

आता सरकारी कहाणी. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी लगेच फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला. लाजेपायी. तो नंबर पहिल्या तासाभरात लावला तर पैसा वाटेत अडकायची शक्यता जास्त. माझे फक्त ३,१४० रुपये कुठल्या तरी खात्यात अडकले, बाकीचे गेले. तेही अजून माझ्या हातात आलेले नाहीत.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘म्हणजे तुम्ही विनानोंद काडतुसं मागवली होती?’ तक्रारदार मी, आणि खुर्चीत आरोपीसारखा मीच. तिथून सांगितलं, हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणाले, पोर्टलवर टाका आणि प्रिंट घेऊन स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले तर म्हणाले, मूळ स्क्रीनशॉट सीडीत आणा. सीडी! गावात सीडी शोधायला अर्धा दिवस गेला. बँकेत अर्ज दिला तर व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, आम्ही काय करणार. बरोबर आहे, पण ज्या खात्यांवर पैसे गेले ती खाती कुणी तरी कागद बघूनच उघडली असतील ना?

जिल्हाधिकारी कार्यालयात हत्यार परवान्यांच्या टेबलावर गेलो, की बाबांनो, माझ्या लायसन्सचा फोटो चोरांकडं आहे, नोंद तरी घ्या. ‘असा अर्जाचा नमुना नाही.’ साध्या कागदावर लिहून दिलं तर आवक शिक्का मारायला दोन फेऱ्या. २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून लायसन्स पाच वर्षांचं झालंय, माझं नूतनीकरण पुढच्या वर्षी. तेव्हा हा कागद माझ्याच विरोधात निघणार, अशी भीती वाटतेय. निवडणुकीत हत्यार जमा करायला एक दिवस उशीर झाला तर घरी माणूस येतो, फोनवर फोन. त्याच यंत्रणेला माझ्या लायसन्सचा फोटो घेऊन फिरणारा भामटा सापडत नाही. पोलीस पडताळणीला माझ्या शेजाऱ्यांना विचारतात मी कसा माणूस आहे. त्या तीन खातेदारांच्या शेजाऱ्यांना कोण विचारणार? तक्रार अर्ज दिलाय, त्याची पोच आहे. एफआयआर अजून नाही.

राऊंडचं सांगायचं राहिलं. दोस्ताचा मुलगा नेमबाजी करतो. कोल्हापूर आहे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळेचा जिल्हा, घरटी एक पोरगा रेंजवर. त्याला सगळं दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

‘काका, नळी आखूड असली की गोळीचा वेग कमी होतो,’ तो म्हणाला. ‘होलो पॉइंट फुलायला वेग लागतो. .३२ लाँग मुळातच हळू. त्यात पुढच्या भोकात कपडा भरला की तो साध्या गोळीसारखाच जातो. तुम्ही दुप्पट पैसे दिले असते तरी तेच.’ मग म्हणाला, ते अमेरिकेतले व्हिडिओ बहुतेक .३८ वर असतात, आपल्या .३२ ला लागू होत नाहीत. आखूड नळीला तिकडचेही जाणते कधीकधी वॅडकटर सुचवतात, पुढून सपाट, शिसाची गोळी. ‘आमच्या सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत .३२ ची वॅडकटरच वापरतात. कागदावर पंचिंग मशीनसारखं गोल भोक पडतं.’ आणि जास्त दाबाचा राऊंड मोडून उघडणाऱ्या जुन्या हत्यारात घालायचा विचारही करू नका, सांधा ढिला होतो. बहात्तर हजारांत मला मिळालं ते एवढंच, आणि ते त्यानं चहावर फुकट सांगितलं.

मग लायसन्सच्या दुकानात जाऊन पंचवीस केएफ घेतले. दुकानदारानं पुस्तकावर नोंद केली, शिक्का मारला, जुने हिरवे बघून म्हणाला, ‘चामड्यात ठेवू नका, डब्यात ठेवा.’ मी त्याला काहीच सांगितलं नाही.

आता बायकोला कसं कळलं. परवा फोन चार्जिंगला लावून मी अंघोळीला गेलो होतो. मेसेज आला, मराठीत, सरकारी भाषेत. ‘आपली फसवणुकीची रक्कम रु. ७२,४९९ मंजूर झाली आहे. प्रक्रिया शुल्क रु. १,९९९ भरावे.’ रुपयापर्यंत बरोबर. बाहेर आलो तर ती फोन हातात घेऊन उभी होती आणि विचारत होती, ‘अहो, चोवीस म्हणाला होतात ना?’