बूट-रिपेअर: आधी अहवाल, मग दुरुस्ती

विंडोजच्या शेजारी उबंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकलं आणि मशीन थेट विंडोजमध्येच शिरू लागलं, किंवा काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) उमटलं, की सल्ला ठरलेला असतो: बूट-रिपेअर चालवा, 'रिकमेंडेड रिपेअर' दाबा. मशीन सुरू होण्यातला बिघाड दुरुस्त करणारं हे टूल मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि खरोखर कामाचं आहे. तरी आमचं मत असं की त्याचं सगळ्यात मोलाचं बटण ते मोठं बटण नव्हेच. 'क्रिएट ए बूटइन्फो समरी' हे त्याखालचं बटण आधी दाबायला हवं.

मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) हे टूल आधीपासून असतं: मेन्यू, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, बूट रिपेअर. उबंटूच्या लाइव्ह सत्रात ते 'यानउबंटू/बूट-रिपेअर' हा पीपीए (पॅकेजेसचा बाहेरचा साठा) जोडून टाकावं लागतं. नेट दोन्हीकडे लागतं, कारण दुरुस्तीच्या वेळी ग्रब आणि शिम (ग्रबला पुढे चालू करणारी, सही केलेली छोटी फाइल) यांची पॅकेजेस ते उतरवून घेतं.

सगळ्यात जास्त गाडी घसरते ती टूल उघडण्याच्याही आधी. मशीनच्या बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नावामागे 'यूईएफआय' लावून आणि एकदा त्याशिवाय. यूईएफआय ही मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, लेगसी ही जुनी. विंडोज यूईएफआयमध्ये बसलेलं असताना पेनड्राइव्ह लेगसीत चालू केला, तर बूट-रिपेअर लेगसीचाच ग्रब बसवायला निघतं. मग ते १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन मागतं आणि माणूस गोंधळून डिस्कवर नसती कापाकापी करतो. म्हणून लाइव्हमध्ये शिरल्यावर प्रथम '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर आहे का पाहा. नसेल तर तिथेच थांबा आणि बूट मेन्यूतून 'यूईएफआय'वाली नोंद निवडून पुन्हा या.

आता तो अहवाल. तो नेटवर चढवून दुवा घ्यायचा की नाही हे टूल विचारतं. स्वतःच वाचणार असाल तर नाही म्हणा. मजकूर लांबलचक असतो, पण पाहायच्या जागा तीनच. पहिली, फर्मवेअरमधल्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) बूट नोंदी आणि त्यांचा क्रम. उबंटूची नोंद जागेवर आहे, फक्त विंडोजच्या खाली गेली आहे, असं दिसलं तर काहीच बिघडलेलं नाही. 'एफीबूटएमजीआर -ओ' देऊन उबंटूचा क्रमांक पुढे आणला की काम झालं, ग्रब पुन्हा टाकायची गरज नाही. काही लॅपटॉपचं फर्मवेअर हा क्रम जुमानतच नाही आणि हट्टाने विंडोजचंच बूट मॅनेजर उचलतं. तिथे विंडोजमध्ये अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीएडिट'ने बूट मॅनेजरचा पाथ उबंटूच्या शिम फाइलकडे वळवता येतो.

दुसरी जागा, ईएफआय पार्टिशनवरच्या (बूट फाइली ठेवायच्या डिस्कच्या छोट्या भागावरच्या) उबंटू फोल्डरमधली चिमुकली ग्रब कॉन्फिग फाइल. तिच्यात उबंटू ज्यावर आहे त्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला असतो. पार्टिशन फॉरमॅट करून पुन्हा उबंटू टाकलं की यूयूआयडी बदलतो. या फाइलीत जुनाच राहिला असेल तर ग्रब चालू होतो पण मेन्यू सापडत नाही, आणि समोर नुसतं 'ग्रब>' येतं. फाइलीतला आणि पार्टिशनचा, हे दोन यूयूआयडी शेजारी ठेवून पाहिले की कारण लगेच कळतं.

तिसरी, दोन डिस्कची मशीनं. उबंटूचा जुना इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी ग्रब पहिल्याच डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकत असे. पुढे कधी पहिली डिस्क काढली की उबंटूही गेलं. अहवालात एफस्टॅबमधला (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीच्या फाइलीतला) ईएफआयचा यूयूआयडी कोणत्या डिस्कचा आहे ते पाहा. इथे मात्र बूट-रिपेअर हाताच्या कामापेक्षा सरस आहे. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'ग्रब लोकेशन' टॅबवर वेगळं ईएफआय पार्टिशन निवडलं की माउंट, क्रूट (लाइव्हमधून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरणं), ग्रब-इन्स्टॉल, एफस्टॅबची दुरुस्ती, सगळं ते एका दमात करतं.

मोठं बटण दाबण्याआधी चार गोष्टी. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा तुमच्या नकळत चालू असतं, आणि सिक्युअर बूट (सही असलेल्याच बूट फाइली चालू देणारी सोय) बंद केलं किंवा बूट साखळी बदलली की विंडोज ती की मागू शकतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन अर्धझोपेत राहतं. ईएफआय फाइलींचा बॅकअप घेऊन त्यांचं नाव बदलण्याचा पर्याय टिक न करता सोडा: तो विंडोजच्या बूट फाइलीच्या जागी दुसरी फाइल बसवतो आणि पुढे गुंता वाढतो. चौथी नेटची. टूल ग्रब पुसून नव्याने टाकायचं ठरवतं तेव्हा टर्मिनलमध्ये चिकटवायला कमांड देतं, आधी पुसण्याची, मग टाकण्याची. या दोहोंच्या मध्ये नेट गेलं तर डिस्कवर ग्रबच उरत नाही. मोबाइलच्या डळमळीत हॉटस्पॉटवर हे काम करू नका.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्ससाठी हे टूल वापरू नये असं आम्ही स्पष्ट सांगू. यूईएफआय मशीनवर तिथे ग्रब-इन्स्टॉल जबरदस्तीने चालवलं तर सही नसलेली फाइल बसते आणि सिक्युअर बूट ती नाकारतं. फेडोरात क्रूट करून डीएनएफ या पॅकेज मॅनेजरनेच शिम आणि ग्रबची पॅकेजेस रीइन्स्टॉल करायची.

दोन तक्रारी अशा, ज्यांत बूट-रिपेअर लोक उगाच चालवतात. ग्रबच्या मेन्यूत विंडोज दिसत नाही, ही पहिली. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारं टूल) मुळातच बंद असतं. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ टाका आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. (ही नावं अर्थात रोमन लिपीत, फाइलीतली ओळ मोठ्या अक्षरांत, फक्त 'फॉल्स' लहान.) दुसरी तक्रार 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' ही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने ग्रब आणि शिम अडवले, त्यानंतर ती कित्येक ड्युअल-बूट मशीनवर उगवली. उपाय असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये शिरा, 'मोकयुटिल'ला 'सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' सांगा, रीबूट करून पुन्हा लिनक्समध्ये या, पॅकेजेस अद्ययावत करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा.

विंडोजच्याच बूट फाइली उडाल्या असतील तर बूट-रिपेअरकडून अपेक्षा ठेवू नका. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'डिस्कपार्ट'ने ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या आणि 'बीसीडीबूट'ला विंडोज फोल्डरचा पाथ, '/एस एस:' आणि '/एफ यूईएफआय' द्या. विंडोजचं ड्राइव्ह अक्षर तिथे सी असेलच असं नाही, आधी 'डिर'ने तपासा. हे झालं की विंडोज बूट क्रमात पहिल्या जागी येतं. ते पुन्हा खाली सरकवायला वर सांगितलेलं 'एफीबूटएमजीआर' पुरतं.