एकच संध्याकाळ: रोम दाखवायचं की अल्जीयर्स?

शहरातल्या युद्धावर एकच चित्रपट दाखवायचा म्हटलं की दोन नावं सहज पुढे येतात. रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' (१९४५) आणि पोन्तेकोर्वोचा 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स' (१९६६). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही बरेचसे खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेले. पण शहराकडे बघण्याची तऱ्हा अगदी निराळी.

रोममधून जर्मन गेले जून १९४४ मध्ये. जानेवारी १९४५ मध्ये चित्रीकरण सुरूही झालं. चिनेचित्ता स्टुडिओत तेव्हा निर्वासित राहत होते, म्हणून आतले प्रसंग तात्पुरत्या सेटवर झाले. गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, अधिकारी बर्गमन रोजची रपेट कचेरीत बसूनच मारतो: भिंतीवर चौदा विभागांत कापलेला रोमचा नकाशा आणि हाताशी रस्त्यांत टिपलेले फोटो. त्याच्या विरोधात चाळीसारख्या इमारतींचे जिने, गच्च्या, शेजारणी. पीना होणाऱ्या नवऱ्याला पकडून नेणाऱ्या ट्रकमागे धावत सुटते आणि भर रस्त्यात गोळी लागून पडते, तोवर शहर जिवंत आहे. पुढे मात्र चित्रपट बंद खोल्यांत शिरतो, जर्मन अधिकारीही ठोकळेबाज खलनायक होतात. सुरुवातीला पात्रं भराभर येतात, तेव्हा मानफ्रेदी, पीना, फ्रांचेस्को आणि पाद्री डॉन पिएत्रो एवढी चार नावं आधी सांगून ठेवा.

दुसरा चित्रपट अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यावर. अल्जीयर्समध्ये शहर हेच हत्यार. वर कसबा, म्हणजे स्थानिकांची जुनी वस्ती, खाली युरोपीय वस्ती, मधे काटेरी तारा आणि नाके. तीन बायका केस आणि पेहराव युरोपीय करून बॉम्ब घेऊन नाका पार करतात. स्थानिक पुरुषांची कसून झडती होते, यांना हसून सोडलं जातं. पण बॉम्ब ठेवण्याआधी कॅमेरा कॅफेतल्या चेहऱ्यांवर रेंगाळतो, त्यात आइस्क्रीम खाणारं पोरही असतं. तिथे कुठलीच बाजू घेऊन निवांत बसता येत नाही. मग फ्रेंच सैन्याचा कर्नल मात्यू फळ्यावर त्रिकोण काढतो: बंडखोर संघटनेतला प्रत्येक जण फक्त तिघांना ओळखतो, त्याला घेणारा एक आणि त्याने घेतलेले दोघे. पकडलेल्याने चोवीस तास तोंड उघडलं नाही की माहिती शिळी होते. छळ का होतो याचं हे गणित तो थंडपणे मांडतो, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो. बंडखोरांचा नेता जाफर याचं काम करणारा सादी यासेफ त्या लढ्यातला खरा म्होरक्या, चित्रपटाचा एक निर्मातासुद्धा. चर्चेत हे निघायलाच हवं. शिवाय यात बातमीपटाचा एकही तुकडा नाही, तरी बघणाऱ्याला तसं वाटतं.

इतिहास, राज्यशास्त्र किंवा पत्रकारितेचा गट असेल तर डोळे झाकून अल्जीयर्स घ्या. साहित्याचा किंवा मिश्र वयाचा गट असेल आणि वेळ कमी असेल तर रोम. ते पावणेदोन तासांच्या आत आटोपतं, अल्जीयर्सला दोन तास लागतात. छळाची दृश्यं दोन्हींत आहेत, त्यामुळे लहान मुलं नकोत. जुन्या प्रतीत पांढऱ्या भिंतींवर पांढरी सबटायटल्स विरून जातात, म्हणून रिस्टोअर केलेली प्रतच मिळवा आणि दिवसाउजेडातलं एक दृश्य पडद्यावर आधी लावून बघा.

वाचनगट असेल तर सोव्हिएत लेखक वासिली ग्रोसमनची 'लाइफ अँड फेट' ही कादंबरी घ्या. स्टालिनग्राडच्या लढाईतलं जर्मनांनी वेढलेलं '६/१' घर त्यात आहे. १९६१ मध्ये केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर पोलिसांनी, हस्तलिखितासोबत टंकयंत्राच्या फितीसुद्धा उचलून नेल्या होत्या. मात्र ती एका बैठकीत उरकणार नाही, निदान दोन महिने धरा.