वारुळासारखं धुराडं की वाड्यासारखा चौक?

तीन-चार कुटुंबांनी मिळून घर बांधायचं, भिंती जाड ठेवायच्या, एसी लावायचा नाही, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न वाऱ्याचा. मधोमध गरम हवा वर ओढणारं धुराडं की आकाशाला उघडा चौक? धुराड्याच्या घरात आम्ही चार कुटुंबं दोन वर्षं भाड्यानं राहिलो, चौकाचं मग स्वतः बांधलं. दोन्ही पुण्याजवळच.

वाळवीच्या वारुळासारखी हवा खेळवून घर गार ठेवायची ही धुराड्याची कल्पना गाजली ती झिंबाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरमुळे. वास्तुविशारद मिक पियर्स यांची ही इमारत १९९६ सालची. रात्रीच्या गार हवेनं भिंती-स्लॅब थंड करून ठेवायचे आणि दिवसभर तो गारवा पुरवायचा. खरं वारूळ अगदी असंच चालत नाही, हे पुढे संशोधकांनी दाखवलं. इमारतीत मात्र युक्ती लागू पडते. देशावर तर छानच, कारण एप्रिलमध्येही रात्री पारा उतरतो. कोकणात रात्रही दमट आणि उबदार, तिथे हा नाद नको.

मे महिन्याच्या दुपारी आमच्या त्या घरात फरशीचा गारवा तळव्यांना लागायचा. चौकाच्या घरात तेवढा मिळत नाही, हे कबूल.

पण ईस्टगेटमध्ये हवा खेळवायला पंखे आहेत, आमच्याकडे हातानं चालवायच्या झडपा होत्या. रात्री दहाला उघडायच्या, सकाळी आठच्या आत मिटायच्या. एक सकाळ राहून गेली की चारही घरं संध्याकाळपर्यंत तापलेली. वहीत पाळ्या लावल्या, तरी कुणी गावाला गेलेलं, कुणाची रात्रपाळी. मध्यरात्री वळीव आला की धूळ थेट अंथरुणावर. भांडण कधी झालं नाही, पण सकाळी जिन्यात भेटल्यावर ‘आज कुणाची पाळी होती?’ हे न बोलताही ऐकू यायचं. इतक्या जिव्हाळ्याच्या माणसांत ते मला फार लागायचं.

चौकाला पाळी लागत नाही. त्रास आहे तो पावसाळ्यात: झड आत येते. आम्ही भोवतीची पडवी पाच फुटांची केली, सात हवी होती. चौकात गुळगुळीत फरशी टाळा आणि तो भिंतींच्या उंचीपेक्षा फार रुंद करू नका, नाहीतर दुपारचं ऊन तळाशी उतरतं.

तुमच्यात कायम घरी असणारं, झडपा मनापासून सांभाळणारं कुणी असेल तर धुराड्याचा विचार जरूर करा. सगळे नोकरीवाले असाल, तर माझ्या मते नकाशावर आधी चौक आखून घ्या, खोल्या मग.