जुने क्विकबेसिकचे प्रोग्राम आजच्या मशीनवर: क्यूबी६४ फिनिक्स की फ्रीबेसिक?

क्विकबेसिकचे जुने प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणाऱ्या क्यूबी६४ फिनिक्स एडिशनची ४ नंबरची मालिका आल्यापासून जुनी बेसिकवाली मंडळी परत एकदा विचारायला लागलीत की आता फ्रीबेसिक हा दुसरा बेसिक कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामची चालणारी फाईल करून देणारा) सोडून इकडे यावं का. मी दोन्ही वापरलेत, दोन्ही अजून माझ्या मशीनवर आहेत, त्यामुळे मला काय वाटतं ते सांगतो. गृहीत हे धरलंय की तुमच्याकडे क्विकबेसिक ४.५ किंवा जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या जुन्या बेसिकमध्ये लिहिलेलं काहीतरी आहे, ते अजून कामाचं आहे, आणि ६४-बिट विंडोजवर ती जुनी १६-बिट एक्झी (चालणारी प्रोग्राम फाईल) चालत नाही म्हणून तुम्ही अडलाय. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतं हे खरंय, पण दुसऱ्या कोणाला रोज वापरायला द्यायचं तर डॉसबॉक्स शिकवत बसणं मला पटत नाही.

दोन्ही फुकट आहेत आणि विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालतात. मॅक असेल तर प्रश्नच मिटला, क्यूबी६४ घ्या.

फ्रीबेसिकबद्दल आधी बोलतो कारण त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हा कंपायलर फ्रीबेसिकमध्येच लिहिलेला आहे, २००४ पासून चाललेलं काम आहे आणि त्याचा वेग बघितला की बरं वाटतं, छोटा प्रोग्राम असेल तर एंटर दाबलं की एक्झी तयार, आणि एक्झी पण आटोपशीर. क्यूबी६४ तुमच्या बेसिकचं आधी सी++ करतं आणि मग ते सी++ कंपाइल होतं, म्हणून प्रोग्राम चालवायला एफ५ दाबल्यावर थांबावं लागतं, पहिल्यांदा तर चांगलंच थांबावं लागतं, आणि साध्या 'नमस्कार' छापणाऱ्या प्रोग्रामची एक्झी पण काही एमबीची होते. अशी एक्झी दुसऱ्याच्या मशीनवर दिली की अँटीव्हायरस कधीकधी तिच्याकडे संशयाने बघतो, हे माझ्याबाबतीत झालंय, यादीत अपवाद टाकून द्यावा लागला. फ्रीबेसिकची एक्झी अजून तरी कोणी अडवलेली नाही, पण हा माझ्यापुरता अनुभव.

मग इतकं सगळं फ्रीबेसिकच्या बाजूने असताना घोडं अडलं कुठे, तर डेटा फायलींमध्ये.

माझ्याकडे एका वाचनालयाचं सभासद रजिस्टर आहे, क्विकबेसिकमधलं, रँडम ॲक्सेस फाईल, म्हणजे सगळी रेकॉर्डं सारख्या लांबीची आणि हवं ते थेट उघडता येणारी. रेकॉर्ड अगदी साधं: नाव २० अक्षरांची स्ट्रिंग, सभासद क्रमांक इंटिजर (पूर्णांक), बाकी रक्कम सिंगल (अपूर्णांक). म्हणजे २० अधिक २ अधिक ४, एकूण २६ बाईट. क्यूबी६४ मध्ये जुना सोर्स उघडला, चालवला, फाईलमधली नावं जशीच्या तशी समोर, कारण तिथे इंटिजर अजून २ बाईटचाच आहे, २० ची स्ट्रिंग २० चीच आहे आणि मध्ये कुठेही भर घातलेली नाही. तेच टाईप (रेकॉर्डचा साचा) फ्रीबेसिकच्या नेहमीच्या डायलेक्टमध्ये (भाषेच्या बोलीत) घातलं (मी १.१० वापरतो) की इंटिजर ३२-बिट कंपायलरमध्ये ४ बाईटचा आणि ६४-बिटमध्ये ८ बाईटचा होतो, ठरावीक लांबीच्या स्ट्रिंगला शेवटी एक शून्य बाईट जास्तीचा लागतो म्हणून २० चे २१ होतात, आणि वर अलाइनमेंटसाठी, म्हणजे प्रत्येक आकडा प्रोसेसरला सोयीच्या जागी सुरू व्हावा म्हणून, मोकळे बाईट सोडले जातात. तर २६ बाईटचं रेकॉर्ड एका ठिकाणी ३२ चं आणि दुसऱ्या ठिकाणी ४० चं. पहिलं नाव बरोबर दिसतं, म्हणून माणूस खूश होतो, आणि दुसऱ्या रेकॉर्डपासून सगळा कचरा. तरी वाचताना कचरा दिसला तर निदान कळतं, पण जुन्या फाईलवर तसंच एक पुट (रेकॉर्ड लिहायची आज्ञा) मारलं तर शेजारची रेकॉर्डं कायमची जातात.

याला फ्रीबेसिकची चूक म्हणणार नाही. आजच्या प्रोसेसरला आणि सी लायब्ररींशी जोडून घ्यायला तसंच सोयीचं आहे, आणि हे सगळं त्यांच्या माहितीपत्रात लिहिलेलं आहे. उपाय पण आहेत: इंटिजरच्या जागी शॉर्ट लिहायचं, टाईपला फील्ड = १ लावायचं (म्हणजे मोकळे बाईट सोडले जात नाहीत), स्ट्रिंगच्या जागी २० युबाईटचा (एकेका बाईटच्या आकड्यांचा) ॲरे घ्यायचा, की परत २६. पण मग प्रत्येक ठिकाणी जिथे नाव छापलंय, जुळवलंय, एलसेट केलंय (रकान्यात डावीकडून भरलंय) तिथे जाऊन बदल करा, आणि एमकेआय, सीव्हीआय (इंटिजरचे बाईट आणि बाईटचा इंटिजर करणारी फंक्शनं) असतील तर त्यांच्या जागी शॉर्टवाले फंक्शन घाला, कारण तेही इंटिजरबरोबर मोठे झालेत. एक टाईप असेल तर ठीक. माझ्याकडे पुस्तकांची फाईल वेगळी, देवघेवीची वेगळी, वर्गणीची वेगळी, आणि प्रत्येकीचं मोजमाप परत करायचं म्हणजे चालत असलेला हिशेब नव्याने लिहिण्यासारखंच आहे.

कोणी म्हणेल की फ्रीबेसिकमध्ये क्यूबी डायलेक्ट आहे की, तो लाव. लावला, त्यात इंटिजर परत २ बाईटचा होतो, गोसब (प्रोग्राममधल्या दुसऱ्या ओळींकडे जाऊन परत येणं) चालतं, व्हेरिएबल डिक्लेअर केलं नाही तरी चालतं. पण त्या डायलेक्टमध्ये फ्रीबेसिकचे नवे कीवर्ड दोन अंडरस्कोर लावून लिहायचे आणि ऑब्जेक्ट वगैरे ज्यासाठी लोक फ्रीबेसिककडे जातात ते तिथे नाहीच. मग तिकडे गेल्याचा फायदा काय, हे मला काही समजलं नाही.

जीडब्ल्यू-बेसिकवाल्यांचं तर अजून वेगळं. त्यांच्या फायली फील्ड स्टेटमेंटने (रेकॉर्डचे रकाने पाडणाऱ्या आज्ञेने) वाचलेल्या असतात, ते क्यूबी६४ मध्ये तसंच चालतं, फ्रीबेसिकमध्ये ते नाही (वरचं फील्ड = १ वेगळं). शिवाय जीडब्ल्यू-बेसिक अपूर्णांक मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बायनरी पद्धतीने साठवायचं, आणि ते आजच्या पद्धतीत आणायचं सीव्हीएसएमबीएफ हे फंक्शन क्यूबी६४ मध्ये तयार आहे. फक्त सोर्स आधी जीडब्ल्यू-बेसिकमध्येच सेव्ह करताना मागे कॉमा ए लावून साध्या टेक्स्टमध्ये काढून घ्या. क्विकबेसिक ४.५ च्या बायनरी बास (सोर्स) फायली मात्र फिनिक्सचा एडिटर स्वतः उघडून देतो.

क्यूबी६४ सगळं खातं असं नाही हां. डेफ एफएन (फंक्शन लिहायची जुनी पद्धत) चालत नाही, त्याचं फंक्शन करून घ्यावं लागतं, पण ते पाच-दहा ओळींचं काम असतं आणि कुठे अडलंय ते एडिटर ओळ सोडल्या सोडल्या सांगतो. तो निळा एडिटर ज्याने क्विकबेसिकमध्ये दिवस काढलेत त्याच्या हातात आपोआप बसतो. फ्रीबेसिकला स्वतःचा एडिटर नाही, जिनी वगैरे बाहेरचा एडिटर जोडून घ्यायचं, ते नवीन मुलांना सोपं वाटेल, माझ्या वयाच्या लोकांना तेवढं नाही वाटत.

आता मराठीचं. डॉसच्या काळात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणारं) असायचं आणि नावं इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या सांकेतिक पद्धतीत साठवलेली असायची, एका अक्षराला किंवा मात्रेला एक बाईट. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं, म्हणजे त्या २० बाईटच्या रकान्यात जेमतेम ६ चिन्हं मावतील, 'लक्ष्मीबाई' पण बसणार नाही. त्यामुळे जुन्या फाईलमध्ये युनिकोड कोंबू नका, जुनी फाईल आहे तशी ठेवा, बाईट-बाईट वाचून तक्त्यावरून युनिकोड करा आणि वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा. हे काम मी क्यूबी६४ मध्ये केलं आणि छान झालं, पण स्क्रीनवर मराठी दाखवायची म्हटली की तिथे जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट जुळत नाहीत, मी यादी ब्राउझरमध्येच उघडतो. या बाबतीत फ्रीबेसिक पुढे आहे असं म्हणावं लागेल, विंडोजची फंक्शनं बोलवायला लागणाऱ्या हेडर फायली सोबत येतात, सरळ विंडोजची टेक्स्ट बॉक्स उघडा, मराठी व्यवस्थित दिसते आणि टाईप पण होते. क्यूबी६४ मधून बाहेरची लायब्ररी बोलावता येते, नाही असं नाही, पण तेवढं सहज वाटलं नाही.

म्हणून तुम्ही कोरी पाटी घेऊन बसणार असाल, जुनी एकही डेटा फाईल नसेल, किंवा कमांड लाइनवर चालणारी छोटी हत्यारं करायची असतील तर फ्रीबेसिक घ्या, मी पण तशा कामाला तेच काढतो. पण मागच्या वीस-तीस वर्षांचा डेटा सोबत येणार असेल तर मी तरी आधी क्यूबी६४ फिनिक्सच उतरवून घेईन, कंपाइलला लागणारा वेळ सोसेन, आणि फ्रीबेसिकचा विचार नंतर करेन. वाचनालयाचं रजिस्टर सध्या क्यूबी६४ वरच चाललंय.

आणि कोणताही घेतलात, किंवा आहे त्याचीच नवी आवृत्ती टाकलीत, तरी खऱ्या फाईलला हात लावण्याआधी तिची कॉपी काढा, आपल्या प्रत्येक टाईपची लांबी लेन या फंक्शनने छापून बघा, आणि फाईलच्या एकूण आकाराला त्या लांबीने भागा. बाकी शून्य आली आणि भागाकार रेकॉर्डच्या संख्येइतका आला तरच पुढे जा.